बारा वर्षांच्या पोरांची मॅच मोठ्यांपेक्षा ‘फास्ट’ असते का?

प्रश्न आमच्या इंदुरातल्याच एका आईचा आहे, थोडक्यात असा: मुलगा बारा वर्षांचा, मुलगी सोळाची, दोघंही बास्केटबॉल खेळतात. मुलाच्या मॅचमध्ये पोरं जीव तोडून पळतात आणि शेवटी स्कोर होतो १४-११. मुलीच्या मॅचमध्ये सगळं शांतपणे चाललेलं असतं, तरी स्कोर पन्नाशीच्या आसपास जातो. मग वय वाढतं तसा खेळाचा वेग वाढतो की कमी होतो? मुलाचे कोच म्हणतात याचा स्टॅमिना कमी आहे, रोज पाच किलोमीटर पळवा. ते बरोबर आहे का? आणि त्याला आत्ताच अंडर-१७ च्या पोरांत खेळायला पाठवावं का?

ताई, पंचवीसेक वर्षं मी शाळेच्या आणि क्लबच्या पोरांना बास्केटबॉल शिकवतोय, त्याआधी स्वतः खेळलोय. तुमचा पहिला प्रश्न मला पालकांपेक्षा नव्या कोचेसनी विचारायला हवा होता, कारण त्याचं उत्तर चुकलं की पुढची चार-पाच वर्षं चुकतात.

आधी एक गोष्ट बाजूला करू. पाय किती जोरात पळतात आणि स्कोरबोर्डवर किती आकडे पडतात, या दोन्हींवरून खेळाचा वेग कळत नाही. आमच्या धंद्यात वेग मोजतात तो पझेशनवर. बॉल एका टीमच्या ताब्यात आला की तिचं एक पझेशन सुरू झालं. बास्केट झाली, समोरच्यांनी रिबाउंड (चुकून परत आलेला बॉल) घेतला, बॉल हातातून गेला किंवा फाउलनंतरचा शेवटचा फ्री थ्रो होऊन बॉल तिकडे गेला, की ते संपलं. स्वतःच्या चुकलेल्या शॉटचा रिबाउंड स्वतःच घेतला तर नवं पझेशन धरायचं नाही, जुनंच पुढे चालू. एका मॅचमध्ये एका टीमला अशी किती पझेशन मिळाली, तो त्या मॅचचा वेग. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर पहिल्या क्वार्टरनंतर तुम्हालाही सहज जमेल.

मागच्या वर्षी रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर एका संध्याकाळी मी हेच केलं. आधी बारा-तेरा वर्षांच्या पोरांची सरावाची मॅच होती, मग सीनियर मुलांची. दोन्ही वेळा पहिला क्वार्टर दहा मिनिटांचा, शिट्टी वाजली की घड्याळ थांबवून. वहीच्या पानावर दर पझेशनला एक उभी रेघ मारत गेलो. लहानांच्या क्वार्टरमध्ये एका बाजूला २६ रेघा, दुसरीकडे २५. स्कोर ६-५. सीनियर्सच्या क्वार्टरमध्ये दोन्हीकडे अठरा-अठरा रेघा. स्कोर २१-१७. पान उलटून दोनदा मोजलं, तेच आलं. म्हणजे बॉल इकडून तिकडे जाण्याचा वेग लहानांच्या खेळात जवळजवळ दीडपट आणि गुण एक तृतीयांशापेक्षाही कमी. तुमच्या मुलाच्या १४-११ चं गणित बहुतेक हेच आहे.

असं का होतं, ते त्या पोरांच्या जवळ उभं राहून पाहावं लागतं. बारा वर्षांचा मुलगा बॉल घेऊन अर्धी लाइन ओलांडतो. त्याची नजर बॉलवर असते, कारण वर पाहिलं तर ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटत नेणं) सुटतो. समोर दोघं धावून येतात. तो दचकून बॉल दोन्ही हातांत धरतो, आता ड्रिबलही संपला. पास द्यायचा तर त्याच्या मनगटाची ताकद चार-पाच मीटरची. हे समोरच्या पोरांना बरोबर ठाऊक असतं, त्यामुळे सगळे त्याच्याच भोवती गोळा. लांब कोपऱ्यात एक मित्र मोकळा उभा राहून हात हलवतोय, पण तिथपर्यंत बॉल पोचायचा तर उंच उडवावा लागतो आणि उंच बॉल हवेत असेपर्यंत तिथे तिघं पोचतात. बॉल गेला. लगेच उलटं पळापळ, तिकडे नेमका हाच प्रकार. वीस-पंचवीस सेकंदांत एक रेघ इकडे, एक तिकडे.

त्यात रिंग ३.०५ मीटरवर. मोठ्या पुरुषांचा ७ नंबरचा बॉल जवळजवळ सहाशे ग्रॅमचा. तो एवढ्या उंचीवर पोचवायला बारा वर्षांचं पोर कमरेपासून झोका देऊन फेकतं, त्याला शॉट म्हणायचं धाडस माझ्याने होत नाही. लहान मुलांसाठीच्या मिनी बास्केटबॉलचे नियम याच कारणासाठी केलेत: रिंग २.६० मीटरवर, बॉल ५ नंबरचा, वजन पाचशे ग्रॅमच्या आत, फ्री थ्रोची लाइन ४ मीटरवर. आपल्याकडे बहुतेक कोर्टांवर रिंग एकदा गाडली ती गाडली, खाली करायची सोयच नसते. निदान बॉल तरी लहान द्या, एवढं मी प्रत्येक शाळेत जाऊन सांगतो. काही ऐकतात.

आता वय वाढतं तसं काय होतं ते पाहा. सरळ चढती किंवा उतरती रेघ तुम्हाला कुठे मिळणार नाही. शालेय स्पर्धांचे गट अंडर-१४, १७ आणि १९ असे असतात, पण वेगाच्या दृष्टीने मला टप्पे जरा वेगळे दिसतात.

तेरा ते पंधरा हे सगळ्यात अवघड वय. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. कालपर्यंत जो सुळकन आत शिरायचा तो एका वर्षात आठ-नऊ सेंटीमीटर वाढतो आणि त्याला स्वतःचेच पाय सापडेनासे होतात. ले-अपच्या (पळत जाऊन रिंगजवळून टाकायच्या शॉटच्या) पावलांचा हिशेब चुकतो, ट्रॅव्हलिंग (बॉल हातात धरून जास्त पावलं टाकण्याची चूक) वाढतं. गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखतं, उड्या मारवत नाहीत. एकाच टीममध्ये एकाला मिसरूड फुटलेली आणि दुसऱ्याचा आवाज अजून बायकी. या गटातल्या मॅचचा वेग कोणी विचारला तर मी आधी विचारतो, लवकर वाढलेली पोरं कुठल्या टीममध्ये आहेत? ती ज्यांच्याकडे, ते पळवतात. बाकीचे बॉल धरून बसतात. या वयात पोर ‘स्लो झालं’ म्हणून बेंचवर बसवणारे कोच मी पाहिलेत. मला त्याचा फार राग येतो. वर्षभर थांबा, ते पाय परत येतात.

पंधरा ते सतरा हा माझ्या पाहण्यात सगळ्यात संथ गट, आणि तुमची मुलगी तिथेच आहे. इथे पोरींना बॉल सांभाळता येतो, त्यामुळे फुकट जाणारे बॉल एकदम कमी होतात. डिफेन्सही शिकलेला असतो, अर्ध्या कोर्टात झोन लावून, म्हणजे माणूस न धरता जागा राखत, पाचही जणी आपापल्या जागी उभ्या राहतात. तो झोन फोडायला बॉल बाहेरून फिरवावा लागतो, एकीकडून दुसरीकडे, मग परत. पण पास किंवा स्क्रीन (मैत्रिणीला मोकळं करायला समोरचीच्या वाटेत उभं राहणं) ज्या क्षणी व्हायला हवी त्या क्षणी ओळखून करण्याची सवय अजून झालेली नसते, आठवून आठवून करावी लागते. त्यामुळे एकेक पझेशन वीस-वीस सेकंद चालतं. बाहेरून कंटाळवाणं वाटेल, पण विचार करायला शिकण्याची हीच जागा आहे. तिच्या मॅचमध्ये ‘शांत’ वाटतं ते बहुतेक हेच. पझेशन कमी, पण त्यातली बरीचशी शॉटपर्यंत पोचतात, म्हणून स्कोर पन्नाशीकडे जातो.

अठराच्या पुढे वेग पुन्हा चढतो आणि आता तो वेगळ्या जातीचा असतो. रिबाउंड घेणारा खाली उतरायच्या आधीच पाहून ठेवतो की गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा खेळाडू, कुठल्या बाजूला सुटलाय. एक लांब पास, दोन ड्रिबल, ले-अप: चार सेकंद. आणि असा फास्ट ब्रेक मिळाला नाही तर तोच गार्ड पाय आवरतो, हात वर करून बोट दाखवतो आणि पंधरा सेकंद खाऊन चांगला शॉट शोधतो. कधी पळायचं आणि कधी नाही, हे ठरवता येणं म्हणजे सीनियर खेळ. बारा वर्षांच्या पोराला हे ठरवता येत नाही, त्याचा वेग त्याच्या हातातला नसतो.

जगातल्या मोठ्या लीगचे आकडे पाहिलेत तर हे आणखी स्पष्ट होईल. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, अलीकडे एका टीमला मॅचमागे शंभरच्या आसपास पझेशन मिळतात, पण त्यांची मॅच ४८ मिनिटांची. आपल्यासारख्या ४० मिनिटांवर आणलं तर ८२-८३. अमेरिकेतल्या मुलांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये ४० मिनिटांत सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या युरोलीगमध्ये सत्तरीच्या थोडं वर. युरोलीगचे खेळाडू काही कॉलेजच्या पोरांपेक्षा हळू पळत नाहीत. कॉलेजमध्ये शॉट क्लॉक (एवढ्या वेळात शॉट मारायलाच हवा, ते घड्याळ) ३० सेकंदांचं, युरोपात २४. म्हणजे कमी वेळ मिळूनही युरोपातले खेळाडू तो पुरेपूर वापरतात, कारण समोरचा डिफेन्स सहज काही देत नाही. २००३-०४ च्या सुमाराला तर एनबीएचा वेगही ४८ मिनिटांत नव्वदीवर होता. तीच उंची, तेच स्नायू. बदलले ते नियम आणि कोचेसचे विचार.

नियमांचं म्हणाल तर एक गोष्ट मी प्रत्येक नव्या बॅचला सांगतो. २२ नोव्हेंबर १९५० ला एनबीएच्या एका मॅचमध्ये फोर्ट वेनने मिनियापोलिसला १९-१८ असं हरवलं. समोर जॉर्ज मायकनसारखा उंच, बलाढ्य खेळाडू, म्हणून फोर्ट वेनवाले बॉल धरून उभे राहिले. लोक वैतागले. चार वर्षांनी, १९५४ मध्ये, सिरॅक्यूज टीमचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब मांडला: चांगल्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून १२० शॉट होतात, ४८ मिनिटांचे सेकंद २८८०, भागिले १२०, उत्तर २४. तेव्हापासून २४ सेकंदांचं घड्याळ. आधीच्या मोसमात एका टीमची मॅचमागची गुणांची सरासरी ७९.५ होती, ती ९३.१ वर गेली. फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, २००० मध्ये ३० सेकंदांचे २४ केले, अर्धी लाइन ओलांडायला १० ऐवजी ८ सेकंद दिले आणि वीस-वीस मिनिटांच्या दोन हाफऐवजी दहा-दहाचे चार क्वार्टर आणले. आता स्वतःच्या चुकलेल्या शॉटचा रिबाउंड घेतला तर पुन्हा २४ मिळत नाहीत, १४ च मिळतात.

आमच्या शालेय मॅचमध्ये मात्र पुष्कळदा शॉट क्लॉकचं मशीनच नसतं. टेबलवर बसलेला कोणीतरी मनात मोजतो, किंवा मोजतच नाही. चार गुणांनी पुढे असलेली टीम मग शेवटची तीन मिनिटं बॉल फिरवत राहते. शिवाय मॅच उरकायच्या म्हणून घड्याळ न थांबवता चालू ठेवतात. बॉल भिंतीपलीकडे गेला, आणेपर्यंत मिनिट गेलं, ते खेळात धरलं जातं. तुम्ही मुलाच्या आणि मुलीच्या मॅचची तुलना करताय ना, आधी एवढं पाहा की दोन्हीकडे घड्याळ थांबत होतं का. नाहीतर तुलना फसते. मे महिन्यातल्या संध्याकाळच्या मॅच तर मी हिशेबातच धरत नाही. सिमेंटचं कोर्ट आठ वाजेपर्यंत तापलेलं असतं, कुठल्याही वयाचा माणूस तिथे संथच होतो.

पस्तिशीपुढच्या मास्टर्स स्पर्धांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण यात बसतं म्हणून सांगतो: ते लोक पळत नाहीत, बॉलला पळवतात. त्यांची एक मॅच मुलाला जरूर दाखवा.

आता पाच किलोमीटरचं. नको. बारा वर्षांच्या मुलाचं शरीर मोठ्यांच्या शरीराची लहान प्रत नसतं. ऑक्सिजन न वापरता स्नायूंत झटपट ताकद काढायची यंत्रणा वयात येताना पूर्ण तयार होते. त्यामुळे लहान पोरं एका दमात मोठ्यांएवढा जोर लावू शकत नाहीत, पण थांबली की फार लवकर सावरतात. तुम्ही पाहिलं असेल, लाल चेहऱ्याने बाहेर येतो, दोन घोट पाणी पितो, मिनिटभरात ‘सर, मला घ्या ना’ सुरू. असं होत असेल तर तुमच्या मुलात काहीच कमी नाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये तो दमलेला दिसतो, कारण प्रत्येक बॉलच्या मागे इकडून तिकडे निष्कारण धावलेला असतो. सरळ रेषेत पाच किलोमीटर पळून त्याला एकच गोष्ट येईल, सरळ रेषेत पळणं. बास्केटबॉलमध्ये फार वेळ सलग सरळ पळायला मिळत नाही. त्यापेक्षा अर्ध्या कोर्टात तीन-तीन पोरांची मॅच खेळवा, चार-चार मिनिटांची, मध्ये दोन मिनिटं बसायचं, असे पाच-सहा फेरे. बॉल हाताला जास्त वेळा लागतो, थांबणं-वळणं-सुटणं सगळं होतं, आणि दम आपोआप वाढतो. त्याच्या कोचशी वाद घालू नका. तिथे सरावाचा एक दिवस असा करून पाहायला सांगा, बहुतेकजण ऐकतात.

इथे मला माझ्याच एका चुकीबद्दल सांगायचंय, कारण ती आजही रोज होताना दिसते. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे बारा-तेरा वर्षांच्या पोरांची एक चपळ टीम होती. मी त्यांना फुल कोर्ट प्रेस शिकवला. समोरच्याने लाइनबाहेरून बॉल आत टाकला की दोघांनी झडप घालायची, बॉल हिसकायचा, तिथेच ले-अप. एक मॅच आम्ही ४८-३ ने जिंकलो. समोरच्या पोरांनी पूर्ण मॅचमध्ये दहा वेळासुद्धा अर्धी लाइन ओलांडली नसेल. एक मुलगा रडायला लागला होता, त्याच्या हातात बॉल यायचा आणि आमचे दोघं अंगावर. पालकांनी मला खांद्यावर घेतलं. तीन वर्षांनी तीच माझी पोरं अंडर-१७ मध्ये गेली. समोरचे गार्ड त्यांचा प्रेस दोन पासमध्ये मोडून निघून जायचे आणि अर्ध्या कोर्टात आपल्या माणसासमोर कसं उभं राहायचं, हे माझ्या एकाही पोराला येत नव्हतं. झोन समोर आला की बॉल घेऊन त्यातच घुसायची. मी त्यांना फक्त दुसऱ्याची कच्ची ड्रिबल लुटायला शिकवलं होतं. त्यातल्या तिघांनी खेळ सोडला. दोन्ही बाजूंच्या पोरांचं नुकसान मी केलं, समोरच्यांचं त्याच दिवशी आणि माझ्यांचं नंतर. त्या दिवसापासून तेराच्या आतल्या पोरांना मी प्रेस लावू देत नाही, झोनही नाही. प्रत्येकाने एक माणूस धरायचा, तोही अर्धी लाइन ओलांडून आल्यावर. मॅच हरतो कधी कधी. हरू देत.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बाहेरून ‘आराम से! सेट करो! रोको!’ असं ओरडत राहणारे कोच पोरांचा वेग जबरदस्तीने कमी करतात. लहानपणी मोकळं पळायला मिळालं नाही तर फास्ट ब्रेक पुढे वहीत काढून शिकवावा लागतो, आणि वहीतून तो येत नाही. बारा वर्षांच्या पोरांची मॅच गोंधळाचीच असते, तिला गोंधळाची राहू द्यावी. त्या गोंधळात पन्नास वेळा बॉल घालवल्यावर एकावन्नाव्या वेळी तो वर मान करून पाहतो. ती मान वर होण्याची मी वाट बघत असतो.

मग अंडर-१७ मध्ये पाठवायचं का? पूर्ण टीममध्ये नको, आठवड्यातून एक दिवस सरावाला जरूर पाठवा. तिथे बॉल मोठा, अंगं मोठी, आणि मॅच कितीही संथ दिसली तरी विचार करायला वेळ कमी मिळतो, कारण समोरचा योग्य जागी आधीच उभा असतो. त्याला धक्के बसतील, पहिले दोन-तीन आठवडे बॉल फारसा मिळणार नाही. तुम्ही बाहेर बसून एकच गोष्ट टिपा. पास त्याच्याकडे येत असताना त्याचे डोळे कुठे आहेत? येणाऱ्या बॉलवर चिकटलेले असतील तर अजून आपल्याच वयात खेळू द्या. बॉल हवेत असतानाच त्याने एकदा मान वळवून रिंगकडे किंवा मोकळ्या मित्राकडे पाहिलं, आणि हे एका संध्याकाळी चार-पाच वेळा झालं, तर पुढच्या महिन्यात दोन दिवस पाठवायला हरकत नाही.